गुन्हेगार कोण ठरवतं?

प्रश्न : समाजशास्त्रात एम.ए. करतोय. कोल्हापुरात राहून चिकित्सक गुन्हेशास्त्रात संशोधन, प्राध्यापकी जमेल का?

उत्तर : जमेल, विषय तर तुमच्या दारातच आहे. १८७१च्या ब्रिटिश कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. शाहू महाराजांनी १९१८मध्ये कोल्हापूर संस्थानात अशा जमातींची सरकारदरबारची सक्तीची हजेरी बंद केली. गुन्हेगारीचा शिक्का मारणं हा राज्यकर्त्यांचा निर्णय असतो, या चिकित्सक गुन्हेशास्त्राच्या म्हणण्याचा इतका ठसठशीत पुरावा क्वचितच मिळतो. या शास्त्रातून गुन्ह्याचं समर्थन होतं, हा आक्षेप मला पटत नाही. चोराला शिक्षा हवीच. पण पहिला संशय पारध्यांसारख्या जमातींच्या पालावरच का, हेही विचारायलाच हवं. जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२मध्ये रद्द झाला, संशय मात्र उरला. शिवाजी विद्यापीठात पीएच.डी.चा विचार करा, नेट-सेट द्या आणि जुन्या कागदांसाठी मोडी लिपी आत्ताच शिका.