गर्भवतीची चिंता आणि व्यायाम

पहिल्या खेपेच्या गर्भवतीच्या कानी घरात दोन परस्परविरोधी सल्ले पडतात. 'जपून रहा, फार हिंडू नकोस' हा एक, आणि 'काम करत राहिलीस तर सुटका सोपी होईल' हा दुसरा. तिच्या मनात काय चालले आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. बाळ सुखरूप असेल ना, प्रसूती नीट पार पडेल ना, मुलगी झाली तर घरचे काय म्हणतील, या विचारांनी तिची झोप उडते. अशी काळजी काही अंशी स्वाभाविकच होय. पण ती पाठ सोडीनाशी झाली, म्हणजे अन्नपाण्यावरही तिचा परिणाम होतो.

या चिंतेवर बेताचा व्यायाम हा एक उपयुक्त उपाय आहे. चालण्याने अंगाचा ताण सैल होतो, पाठदुखी कमी होते, झोप बरी लागते, आणि सोबतीला कोणी असल्यास मन मोकळे करण्याची संधीही मिळते. अर्थात व्यायाम म्हणजे रामबाण औषध नव्हे. त्याचा गुण मनाच्या उदासीनतेवर अधिक स्पष्टपणे दिसून आला आहे. चिंतेवर तो त्या मानाने बेताचा आहे.

वैद्यकशास्त्राची भूमिकाही काळानुरूप बदलली. व्यायाम करताना गर्भवतीच्या नाडीचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ नयेत, असे अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने 1985 मध्ये सुचविले होते. ही मर्यादा 1994 मध्ये काढून टाकण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये, प्रकृतीची अडचण नसलेल्या गर्भवतीस आठवड्यास निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास झपझप चालणे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही त्याची सोपी खूण. सवय नसलेल्या स्त्रीने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी.

मात्र दिवसभर वाकून भातलावणी करणारी वा डोक्यावरून पाणी वाहणारी स्त्री 'पुरेसा व्यायाम करते' असे मानणे हा निव्वळ गैरसमज आहे. ते श्रम तिला थकवितात. तिला गरज आहे ती विश्रांतीची. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातील 52.2 टक्के गर्भवतींत रक्तक्षय आढळला. रक्तक्षय तीव्र असल्यास, तसेच रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, वार खाली असणे किंवा अकाली प्रसूतीची लक्षणे असल्यास डॉक्टरांच्या अनुमतीवाचून व्यायाम करू नये. पहिल्या तीन महिन्यांनंतर फार वेळ उताणे निजून करावयाचे व्यायाम टाळावेत. चक्कर येणे, छातीत दुखणे, अंगावरून पाणी वा रक्त जाणे, पोटऱ्या सुजून दुखणे, यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ थांबून दवाखाना गाठावा.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानान्वये 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. व्यायामाविषयी आणि मनातील भीतीविषयी त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्यावे. चिंता असह्य होऊ लागल्यास 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.