घरातल्या फोटोत आई कुठे असते? मोबाइलवरचे घरगुती फोटो आणि त्यातून छोटा व्यवसाय



आधी एक छोटं काम करा. ज्या घरात लहान बाळ आहे, तिथल्या मोबाइलची गॅलरी उघडा आणि शेवटचे 50 फोटो बघा. बाळ जवळपास प्रत्येक फोटोत असेल. आता त्यातल्या किती फोटोंत बाळाची आई आहे, ते मोजा. बहुतेक घरांत आकडा बोटांवर मोजण्याएवढाच निघतो. त्यातही बारशाची नवी साडी, हातात बाळ आणि समोर बघून केलेलं हसू. रोज सकाळी पायांवर घेऊन बाळाला तेल लावणारी, रात्री पाळण्याची दोरी हातात धरून डुलक्या घेणारी आई कुठेच दिसत नाही. कारण फोन तिच्याच हातात असतो!

पंधरा-वीस वर्षांनी ते लेकरू विचारेल, "आई, मी लहान असताना तू कशी दिसायचीस?" तेव्हा दाखवायला काय असेल?

ही घराघरातली गरज आहे आणि वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावसारख्या गावांत ती भागवणारे फार थोडे आहेत. लग्नाचे फोटोग्राफर भरपूर आहेत. घरी येऊन दोन तास शांतपणे आई-बाळाचं रोजचं जगणं टिपणारा माणूस शोधावा लागतो. ज्यांना घरगुती फोटो चांगले यावेत असं वाटतं आणि ज्यांना त्यातून छोटं काम उभं करायचं आहे, अशा दोघांसाठी हा पाठ आहे.

धडा आपल्याच जिल्ह्यातला

यातला सगळ्यात मोठा धडा आपल्या सेवाग्राममध्येच घडलाय. गांधीजी 1936 मध्ये इथे राहायला आले. त्यांच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी आश्रमाच्या कामात होता. विशीतल्या या मुलाला बापूंचे फोटो काढायचे होते. परवानगी मिळाली, पण तीन अटींवर. एक, फ्लॅश वापरायचा नाही. दोन, पोज द्यायला सांगायचं नाही. तीन, फोटोंचा खर्च आश्रम करणार नाही. उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या 100 रुपयांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. 1938 ते 1948 अशी दहा वर्षं कनू गांधींनी फोटो काढले. बापूंच्या रोजच्या जगण्याचं इतक्या जवळचं चित्र आपल्याला आज दिसतं, त्याचं मोठं श्रेय या माणसाला आहे.

आता नीट बघा. या तीन अटी अडचणी वाटतात, पण घरगुती फोटोग्राफीचा पूर्ण अभ्यासक्रम त्यांच्यातच आहे. एकेक घेऊया.

पहिली अट: फ्लॅश नाही. म्हणजे उजेड शोधायला शिका

फ्लॅशनं चेहरा सपाट आणि पांढरा पडतो, मागे काळी सावली येते आणि झोपेतलं बाळ दचकतं ते वेगळंच. म्हणून फोनमधला फ्लॅश आजपासून बंद.

1. खिडकी किंवा दार शोधा. आईला खिडकीपासून तीन-चार फुटांवर, खिडकी तिच्या बाजूला येईल अशी बसवा. उजेड एका गालावरून येतो, दुसऱ्या गालावर हलकी सावली पडते आणि चेहऱ्याला गोलाई येते. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, तिथे बहुतेक वर्षभर थेट ऊन येत नाही.

2. खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याचा अर्धा भाग एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्याच रंगाचा दिसतो.

3. आपल्याकडच्या दोन अडचणी ओळखा. एक म्हणजे उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला कूलर. घरातली सगळ्यात चांगली खिडकी तोच अडवतो. अशा वेळी दार उघडा आणि दारापासून थोडं आत बसवा. दुसरी म्हणजे अंगणात बांधलेली हिरवी नेट. तिच्याखाली गोऱ्या-सावळ्या सगळ्यांचेच चेहरे हिरवट येतात आणि तो रंग नंतर काढणं फार जिकिरीचं. नेटखाली फोटो टाळा. ओसरी किंवा छपरीची सावली त्यापेक्षा शंभर पटीनं बरी.

4. वेळ निवडा. सकाळी आठ ते दहा. बाळाचं तेल-आंघोळही साधारण याच वेळी चालते. मे महिन्यातल्या भर दुपारी अंगणात फोटो काढू नका. डोळे मिटतात, डोळ्यांखाली काळं येतं आणि लेकराला ऊन लागतं.

5. लेन्स पुसा. हसू नका! तेलाचा हात लागलेली लेन्स हे धुरकट फोटोंचं सगळ्यात मोठं कारण आहे. मऊ सुती कापड खिशात ठेवा.

6. उजेड हातानं ठरवा. स्क्रीनवर आईच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते वर सरकवलं की फोटो उजळतो, खाली सरकवलं की गडद होतो. बाळाचं पांढरं झबलं किंवा दुपटं एकदम पांढरंफटक दिसत असेल तर थोडं खाली सरकवा. कापडाच्या सुरकुत्या परत दिसायला लागतात.

दुसरी अट: पोज नाही. म्हणजे वाट बघायला शिका

"इकडे बघा, हसा" म्हटलं की आई सावध होते. पदर सारखा करते, केस मागे घेते आणि जे टिपायचं होतं तेच निघून जातं. त्यामुळे तिला कॅमेऱ्याकडे बघायला लावू नका, काहीतरी करायला असू द्या. घरात हे क्षण रोज घडतात:

- बाळाला पायांवर घेऊन तेल लावणं, टाळूवर तेल थोपटणं
- आंघोळीनंतर दुपट्यात गुंडाळणं, तीट लावणं
- एका हातानं पाळणा हलवत दुसऱ्या हातानं घास खाणं
- बाळाच्या मुठीत अडकलेलं आईचं बोट किंवा मंगळसूत्र
- मोठ्या भावंडाचं बाळाकडे वाकून बघणं
- लेक, आई आणि आजी अशा तीन पिढ्यांचे हात एका चौकटीत

या वेळी चार गोष्टी सांभाळा.

उंची. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत बाळाचं फक्त डोकं मोठं दिसतं. खाली बसा, फोन बाळाच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. रोलिफ्लेक्स कॅमेरा छातीशी-पोटाशी धरून वरून त्याच्या काचेत बघायचा असे, त्यामुळे नजर आपोआप खाली यायची. आपल्याला ते मुद्दाम करावं लागतं.

अंतर. फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. चार-पाच फूट लांब थांबा आणि फोनला वेगळी 2 एक्स लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी ताणून मोठं करू नका, फोटो फाटतो.

मागचं दृश्य. बटण दाबण्याआधी चौकटीचे चारही कोपरे एकदा बघा. प्लास्टिकची बादली, चार्जरची वायर, डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा पंखा. दोन पावलं बाजूला झालं की बहुतेक गोष्टी चौकटीबाहेर जातात. पण घर पूर्ण आवरायला लावू नका. दोरीवर वाळणारी लंगोटं आणि शेजारचा डिंकाच्या लाडवांचा डबा हीच त्या दिवसांची खरी खूण आहे.

संयम. रोलिफ्लेक्सच्या एका रोलवर फक्त 12 फोटो निघायचे. कनू गांधींना प्रत्येक फोटो जपूनच काढावा लागला असणार. आपल्याला शेकडो फोटो फुकट मिळतात म्हणून आपण बघणंच सोडून देतो. आधी पाच मिनिटं नुसतं बसा. आई विसरली की तुम्ही आहात, मग सुरुवात करा.

आणि घरात फोटो काढणारं दुसरं कुणी नसेल तर? आईनं स्वतः फोन डब्याला टेकवून ठेवावा, मागचा कॅमेरा लावावा आणि 10 सेकंदांचा टायमर सुरू करावा. किंवा व्हिडिओ चालू ठेवून काम करत राहावं आणि नंतर त्यातली चौकट निवडावी. फोटो थोडा कमी स्पष्ट येईल, पण त्यात आई असेल. ब्यूटी फिल्टर मात्र बंद. बाळंतपणानंतरचा थकलेला चेहरासुद्धा तिचाच आहे.

तिसरी अट: खर्च आश्रम करणार नाही. म्हणजे हिशेब शिका

इथून पुढचं व्यवसाय करणाऱ्यांसाठी.

सुरुवातीला कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका. हातातल्या फोनवर पहिली पाच-सहा कामं करा. ग्राहक पैसे द्यायला तयार आहे हे कळल्यावरच पुढचा खर्च. दर ठरवताना मात्र एक चूक सगळे करतात. ते फक्त घरी दिलेले दोन तास मोजतात. उदाहरण घेऊ:

- जाणं-येणं 1 तास, घरी 2 तास, फोटो निवडणं आणि सुधारणं 3 तास. एकूण 6 तास. तासाला 150 रुपये धरले तर 900 रुपये
- पेट्रोल 100 रुपये
- छापील फोटो आणि छोटा अल्बम 400 रुपये
- फोनची झीज, इंटरनेट 100 रुपये

एकूण 1,500 रुपये. हा बाजारभाव नाही, ही मोजायची पद्धत आहे. तुमचे आकडे तुम्ही टाका. हा तुमचा खर्च आणि मजुरी झाली, नफा यावर धरायचा. दोनच तास मोजून 300 रुपये सांगितले तर काम भरपूर येईल आणि खिसा रिकामाच राहील.

ग्राहकाला 200 फोटो देऊ नका. निवडलेले 25 द्या आणि त्यातले थोडे तरी छापून द्या. फोन हरवतो, बिघडतो. अल्बम कपाटात राहतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर साध्या फोटोसारखे पाठवू नका, दर्जा घटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्यवसाय स्थिरावला की उद्यम नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

कॅमेरा खाली ठेवायची वेळ

कनू गांधींच्या गोष्टीतला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गेल्या. त्या शेवटच्या क्षणी फोटो काढायला गांधीजींनी कनूंना मनाई केली. कनू घरचेच होते, तरी कॅमेरा खाली राहिला. मग आपण तर परके. बाळंतिणीच्या खोलीत आपल्याला घेतात, हा मोठा विश्वास आहे. तो जपायचे नियम हे:

1. आईला स्वतः विचारा. नवऱ्यानं किंवा सासूबाईंनी हो म्हटलं म्हणजे आईची परवानगी मिळाली असं होत नाही. दूध पाजतानाचे फोटो तिनं सांगितलं तरच काढा आणि काढल्यावर लगेच तिला दाखवा. ती म्हणेल ते तिच्यासमोर पुसून टाका.

2. जाहिरातीसाठी वेगळी, लेखी परवानगी घ्या. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणाऱ्याचा असतो, म्हणजे ग्राहकाचा. तुम्ही काढला म्हणून तो तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकायचा हक्क मिळत नाही.

3. बाळाचे उघडे फोटो कुठेही टाकू नका. परवानगी असली तरी नाही. ते कुटुंबाच्या अल्बमपुरतेच.

4. बाळाला टोपलीत, झोळीत ठेवून करामती नकोत. आईचा किंवा आजीचा हात बाळाजवळ असलाच पाहिजे. हात धुऊनच खोलीत जा. सर्दी-ताप असेल तर काम पुढे ढकला, पैसे बुडाले तरी चालतील.

या व्यवसायात पुढचं काम आधीच्या घराच्या शब्दावर मिळतं. एका घरात विश्वास तुटला की ती गोष्ट अख्ख्या मोहल्ल्यात जाते.

या आठवड्याचा गृहपाठ

सात दिवस, रोज फक्त 12 फोटो. तेरावा नाही. फ्लॅश नाही, "इकडे बघ" नाही. विषय एकच: तुमच्या घरातली आई. तुमची स्वतःची आई, वहिनी, बायको किंवा टायमर लावून तुम्ही स्वतः. बाळ नसेल तरी चालेल, साठीतली आईसुद्धा आईच आहे. आधी तिला विचारा. सातव्या दिवशी 84 फोटोंतून पाच निवडा, छापा आणि तिच्या हातात द्या.

ती कोणत्या फोटोवर थांबते, ते बघा. त्यावर सगळ्यांत नीट साडी असेलच असं नाही. तुम्हाला पुढे कोणते फोटो विकायचे आहेत, ते तिथेच कळेल.