मूर्ती भक्ताकडे पायते, शिपाई मोर्च्याकडे

बाबू, तू फोनवर म्हणालास, "काका, प्रदर्शनासाठी 1971 च्या लढाईतल्या एका जवानाची वर्दी मिळाली, कापडाच्या दुकानातला फायबरचा पुतळाही आणला. आता फक्त तोंड रंगवायचं राहिलं." ते 'फक्त' मला खटकलं, म्हणून लिहायला बसलो. शेंदूरजनाघाटात चाळीस वर्षं मी गणपती, देवी आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवले. अधूनमधून वर्दीतले पुतळेही केले. चुकत चुकत हाती आलं ते तुला देतो.

पहिली गोष्ट, ब्रश नंतर, टेप आधी. वर्दीची छाती, खांदा, कंबर मोज. त्या काळचे जवान सडपातळ. दुकानातला पुतळा रुंद छातीचा. ओढूनताणून बटण लावलंस तर सगळा ताण जुन्या शिवणीवर येतो. पुतळा वर्दीपेक्षा बारीकच हवा. कमी पडेल तिथे धुतलेल्या मांजरपाटाच्या पिशव्यांत पॉलिस्टरचा कापूस भरून बांध. पिवळा फोम नको. काही वर्षांत त्याचा भुगा होतो आणि कापडाला चिकटतो. हात सुटे करून आधी बाहीत घाल, मग खांद्याला अडकव.

मग चकाकी काढ. दुकानातला पुतळा चकाकतो, माणूस चकाकत नाही. स्वतःच्या तोंडाला फडकं बांधून 400 नंबरच्या वॉटर पेपरनं ओला घास, पुसून वाळव, प्रायमरचा पातळ हात दे. जाड रंगानं नाकपुड्या आणि पापण्यांच्या कडा बुजतात.

आता कातडीचा रंग. डब्यावर 'स्किन' लिहिलेला रंग आणू नकोस, तो गुलाबी बाहुलीचा असतो. पिवळी माती, बर्न्ट सिएना, पांढरा आणि निळ्याचा नखभर थेंब, एवढ्यात वऱ्हाडी माणूस तयार होतो. आपल्या बगीच्यातलं संत्रं हातात घेऊन बघ. देठाशी हिरवट, उन्हाच्या बाजूला तांबूस, सावलीकडे फिकट. फळाला एक रंग नाही, तर माणसाच्या गालाला कसा असेल? कपाळ थोडं पिवळसर ठेव. गाल, नाक आणि कान तांबूस. हनुवटी आणि जबड्यावर दाढीची निळसर राखी झाक. हे तीन पट्टे ओलसर स्पंजानं एकमेकांत मिसळ. सीमा दिसली की मुखवटा झाला.

रंग कालवताना शेजारी ऑलिव्ह ग्रीन कापडाचा तुकडा ठेवायचाच. मी एकदा तो ठेवला नव्हता. कारखान्यात चेहरा झकास दिसला. वर्दी चढवली आणि शिपाई दारू प्यायल्यासारखा लालबुंद झाला. हिरव्याशेजारी लाल दुप्पट बोलतो. म्हणून तांबूसपणा मनाला वाटतो त्याच्या निम्मा ठेव, आणि हनुवटीखाली कापडाचा हिरवा उजेड पडतो तो किंचित दाखव.

शिपाई उन्हातला माणूस. टोपीखालचं कपाळ उजळ, त्याखाली रापलेलं. कॉलरच्या आत मान उजळ, मनगटावर घड्याळाचा फिका पट्टा. संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या कोणाच्याही अंगावर हे सापडेल. पण टोपी काढून दाखवायची असेल तरच कपाळाची रेघ रंगव.

डोळे सगळ्यात शेवटी. आपल्या गावात डोळे बांधणाऱ्यांचा तोटा नाही. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणारा कसा श्वास रोखून चाकू चालवतो, तसाच ब्रश धर. बुबुळाभोवतीचं पांढरं कधीच पांढरंशुभ्र नसतं, त्यात थोडी राखी घाल. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पाड, नाहीतर डोळे वटारलेले दिसतात. चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. व्हार्निश लागलंच तर फक्त इथं. आणि नजर? माझे आबा म्हणायचे, "मूर्ती भक्ताकडे पायते, शिपाई मोर्च्याकडे. त्याले लोकाईच्या डोयात पाहू देऊ नोको." नजर लोकांच्या डोक्यावरून पुढे गेली की लोक तोंडात अडकत नाहीत, वर्दी बघतात. तुझं काम तेच आहे.

आता सगळ्यात अवघड काम, थांबणं. तेलरंग नकोच, तो महिनोन्‌महिने वाफ सोडतो. ॲक्रिलिक तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून वाळलेला नसतो. मी एकदा दुसऱ्याच दिवशी वर्दी चढवली. कॉलरला आतून रंगाचा डाग पडला. तो एका घरातल्या बापाचा कोट होता. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून महिनाभर मोकळ्या हवेत ठेवतो, आणि कापड व पुतळा यांच्यामध्ये मांजरपाटाचा थर घालतो. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांच्या नावाची एक परीक्षा आहे: सामान आणि चांदी, तांबं, शिसं यांचे चकाकते तुकडे बंद बरणीत 60 अंशांवर 28 दिवस ठेवतात. धातू काळवंडला किंवा गंजला तर ते सामान वर्दीजवळ नको. रंगवलेल्या तुकड्याशेजारी घासलेली तांब्याची तार बरणीत ठेवून घरीही अंदाज येतो.

पितळी बटणांना उघडा हात लावू नकोस, घामानं हिरवी पडतात. डांबरगोळी खिशात टाकू नकोस. उन्हाची तिरीप आणि फोकसचा दिवा टाळ; संग्रहालयात जुन्या कापडावर 50 लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात.

शेवटचं, बिल्ला आणि फिती स्वतःच्या मनानं लावू नकोस. उदाहरणच घे: महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिली, तेव्हा बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्या जागी खंजीर आला. 1971 च्या लढाईच्या पदकांतही 'पूर्वी स्टार' वेगळा, 'पश्चिमी स्टार' वेगळा. वर्दी ज्या सालची, बिल्लाही त्याच सालचा. गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला उद्घाटनाच्या आठ दिवस आधी बोलाव, खुर्ची दे, चहा दे आणि गप्प उभा राहा. तो जे बोट दाखवून सांगेल ते आधी दुरुस्त कर, मगच पडदा लाव.