त्या मुलाच्या प्रश्नाविषयी

प्रिय स्नेहल,

तुझं पत्र मिळालं. दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल विचारलं, ‘ते पोर्तुगीज सरकारने केलं, चर्चने नाही’ असं सांगून तू पुढच्या धड्याकडे वळलीस, आणि तेव्हापासून तुला चैन नाही. सगळ्यांना उत्तर पटलं, मग मलाच का टोचतंय, असं विचारतेस. टोचतंय, कारण ते उत्तर अर्धं होतं आणि बोलतानाच तुला ते जाणवलं होतं. ही टोचणी घालवायची घाई करू नकोस. तिच्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

आधी घडलं काय ते बघ. इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेविरुद्ध वागल्याच्या आरोपांचा निवाडा करणारं हे न्यायासन, गोव्यात १५६० साली सुरू झालं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. वसई, चौल, दमण सगळं त्याच्या अमलाखाली होतं. म्हणजे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तोवर आपली गावंही. राजाचा पाठिंबा होता हे खरंच, पण न्याय द्यायला बसणारे धर्मगुरू होते. तक्रार कुणी केली, हे आरोपीला कळू देत नसत. दमणला पकडलेला फ्रेंच डॉक्टर देलों याने हे स्वतः भोगलं आणि १६८७ साली त्यावर पुस्तक छापलं. जाळण्याची शिक्षा मात्र चर्च स्वतःच्या हाताने देत नसे. माणसाला दोषी ठरवायचं, सरकारच्या हवाली करायचं. आग सरकारने लावायची. स्नेहल, तू वर्गात दिलंस ते उत्तर त्या काळीही तयार होतं. हात स्वच्छ ठेवायला तेच वापरत.

कुणी म्हणेल, जाळलेल्यांचे आकडे फुगवून सांगतात. आकडे जरूर तपासावेत. न्यायासनाचे बहुतेक कागद नष्ट झालेत, तेव्हा जपूनच बोलावं. पण भीती आकड्यात मावत नाही. १७३६ च्या फर्मानाने गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांना लग्नात हळद लावायला, घरी तुळस लावायला मनाई केली. आपल्याकडे आजही लग्नात उंबराचं पाणी आणतात, बायका गाणी म्हणतात. अशा घरच्या रीतींसाठी शेजाऱ्याने शेजाऱ्याचं नाव सांगायचं, अशी ती व्यवस्था होती.

संत फ्रान्सिस झेवियरबद्दल तू विचारलंच नाहीस, पण तो मुलगा विचारेल. त्यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं होतं. ते सुरू झालं तेव्हा त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. रुग्णालयातल्या आजाऱ्यांची सेवा करणारे, मोती काढणाऱ्या परवांच्या किनाऱ्यावर पायी हिंडणारे झेवियर तेच, आणि हे पत्र लिहिणारेही तेच. मुलांना दोन्ही सांग. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे पेलतं. न पेलण्याची काळजी मोठ्यांनाच जास्त असते.

हे प्रश्न आज पुष्कळदा आपल्याला हिणवायला विचारले जातात, हे मी जाणते. विचारणाऱ्याच्या मनात खोट असली तरी आपल्या उत्तरात ती उतरायला नको. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली, आणि राजा भडकला तो गोष्टीतल्या श्रीमंतावर. तो श्रीमंत तूच, हे नंतर कळलं. राजाची ही लाजिरवाणी गोष्ट लिहून ठेवणारे त्याचेच लोक होते. पेत्राने प्रभूला नाकारलं, हेही चारही शुभवर्तमानांनी झाकलेलं नाही, आणि ती लिहिली जात होती तेव्हा पेत्राचा मान केवढा होता! म्हणून चर्चची लाज राखायची म्हणून सत्य लपवणं मला शास्त्राला धरून वाटत नाही. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये मिस्सा अर्पण करताना ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेल्या जबरदस्तीचा त्यात वेगळा उल्लेख होता. पोपमहाशयांना जे वेदीवरून सांगता आलं, ते तुला वर्गात सांगायला काय हरकत आहे?

पण एक सांभाळ. पूर्वजांच्या पापाची लाज वाटणं सोपं असतं. आपल्याला काही सोडावं लागत नाही. सदसद्विवेकबुद्धी खरी जागी आहे का, हे आजच्या गोष्टीवरून कळतं. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलित ख्रिस्ती बांधवांविषयी धोरण जाहीर केलं, त्यात ख्रिस्तसभेत जातिभेद आहे हे मान्य केलं. तामिळनाडूत काही गावांत दफनभूमीही वेगळ्या आहेत. ते वाचून आपण हळहळतो. आणि आपल्याकडे? सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन असे सगळे एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेतो, पण स्थळं बघताना पहिला प्रश्न कोणता असतो? आदिवासी पाड्यावरची किती कुटुंबं धर्मग्रामाच्या समितीवर आहेत? तुझ्या धाकट्या भावाच्या लग्नाचं घरात बोलणं सुरू आहे. त्या बैठकीत तू बोलणार आहेस की नाही, हे मला त्या वर्गातल्या उत्तराइतकंच महत्त्वाचं वाटतं. तिथे बोलणं जड जाईल. बाबा रागावतील, आजी जेवण सोडेल. तरीही बोल, आणि आवाज न चढवता बोल. ती माणसंही आपली आहेत.

येत्या रविवारी वर्गात आधी त्या मुलाला नावाने हाक मार. गेल्या वेळचं उत्तर अपुरं होतं, असं सगळ्यांसमोर सांग. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय. ते माझ्या कपाटात आहे, शुक्रवारी येऊन घेऊन जा. चर्चवर टीका करणाऱ्याचं आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस, आणि छापलंय म्हणून सगळंच मानूही नकोस. फादरांशी आधी बोलून घे. ते नको म्हणाले तर कारण विचार, नीट ऐक. पटलं नाही तर तसं त्यांना तोंडावर सांग. मग त्या मुलाला वर्गाबाहेर का होईना, पण खरं उत्तर दे.

तुझी,
आत्या