पाण्याआधी विरघळणारा पदार्थ

खडीसाखरेचा खडा पाण्यात टाकला, तर तो विरघळावयास बराच वेळ लागतो. पिठीसाखर त्याहून पुष्कळच लवकर विरघळते. मीठ, तुरटी, मोरचूद यांचीही प्रत्येकाची चाल निराळी. परंतु आधी पाणी आणि मग विरघळणे, हा क्रम यांपैकी कोणीही मोडीत नाही. तो मोडणारा एक पदार्थ मात्र आहे. त्याचे नाव थायोटिमोलिन. पाणी ओतण्यापूर्वीच तो विरघळून जातो! अर्थात तो कोणत्याही खाणीत अथवा प्रयोगशाळेत सापडावयाचा नाही. कारण तो जन्मला एका विद्यार्थ्याच्या कल्पनेत.

हा विद्यार्थी म्हणजे आयझॅक ॲसिमॉव्ह. १९२० साली रशियात जन्मलेला हा मुलगा तीन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वडिलांनी गोळ्या-मिठाईचे दुकान थाटले. दुकानात मासिकेही विकावयास असत. त्यांतील विज्ञानकथांनी मुलाला वेड लावले, आणि १९३९ सालापासून त्याच्या स्वतःच्या कथा छापून येऊ लागल्या. तरी त्याने रसायनशास्त्राचा अभ्यास सोडला नाही. १९४७ साली कोलंबिया विद्यापीठात डॉक्टर या पदवीसाठी त्याचे संशोधन चालू होते.

त्याच्या प्रयोगांत कॅटेकॉल नावाचे पांढरे, पिसासारखे हलके स्फटिक लागत. ते पाण्यात इतक्या झटकन विरघळत, की पाण्याच्या पृष्ठभागाला स्पर्श होतो न होतो तोच दिसेनासे होत. एके दिवशी हे पाहताना त्याच्या मनात आले, की हे स्फटिक याहूनही थोडे अधिक विरघळणारे असते, तर पाण्याला स्पर्श होण्याच्या आधीच नाहीसे झाले असते!

त्याच सुमारास त्याला एक काळजी लागून राहिली होती. पदवीसाठी लिहावयाच्या प्रबंधाची भाषा रूक्ष आणि बोजड असावी, असा प्रघात होता. तो का पडला, हे एक कोडेच आहे. वर्षानुवर्षे सुबोध लिहिण्याची सवय जडलेल्या या लेखकास ती भाषा जमावी कशी? तेव्हा सराव म्हणून त्याने आपल्या काल्पनिक पदार्थावर एक खोटाच शोधनिबंध रचला. त्यात कोष्टके होती, आलेख होते, आणि कधीच न निघालेल्या नियतकालिकांचे हवालेही होते.

या निबंधातील युक्तिवाद मोठा मौजेचा आहे. पदार्थाच्या रेणूत पाण्याशी सख्य असलेले अणुगट जितके अधिक, तितका तो सहज विरघळतो, हे खरे रसायनशास्त्र होय. थायोटिमोलिनमध्ये असे गट इतके दाटले आहेत, की विरघळण्याचा वेळ कमी होत होत शून्याच्याही खाली जातो! पाणी ओतण्यापूर्वी १.१२ सेकंद तो विरघळतो. याचे कारण ॲसिमॉव्हने पुढे असे कल्पिले, की त्याच्या एका कार्बन अणूचे चार बंध सगळे वर्तमानकाळात नाहीत; एक भूतकाळात, तर एक भविष्यकाळात शिरला आहे. मग पाणी ओतावयाचे ठरवून ऐन वेळी हात आखडला तर? तर पदार्थ विरघळतच नाही. प्रयोग करणाराचा निश्चय जितका डळमळीत, तितका हा आगाऊ अवधी कमी भरतो. कार्बनला चार बंध असतात, हे पक्के ठाऊक असल्यावाचून असा विनोद सुचावयाचा नाही.

ॲसिमॉव्हने निबंध एका मासिकाकडे पाठविला. पण त्यावर आपले खरे नाव घालू नये, अशी विनंती केली. परीक्षा तोंडावर आली होती. शास्त्राची थट्टा करणारा हा विद्यार्थी पदवीस पात्र नाही, असे परीक्षकांना वाटले तर इतक्या वर्षांचे श्रम फुकट जावयाचे! मार्च १९४८ च्या अंकात निबंध छापून आला, तो त्याच्या खऱ्या नावानेच. वाचकांनी तो डोक्यावर घेतला. काही मुलांनी तर निबंधात उल्लेखिलेली नियतकालिके न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन मागितली. विद्यापीठाच्या रसायन विभागातही तो अंक हातोहात फिरला. ॲसिमॉव्हच्या पोटात गोळा उठला.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. थायोटिमोलिनचे नाव मात्र कोणी काढले नाही. शेवटी शेवटी एक प्राध्यापक अत्यंत गंभीर मुद्रेने म्हणाले, की थायोटिमोलिन नामक संयुगाच्या उष्मागतिक गुणधर्मांविषयी आता काही सांगावे. क्षणभर ॲसिमॉव्ह स्तब्ध राहिला. नापास करावयाचे असते, तर हे थट्टा कशाला करते? हे ध्यानी येताच त्याला असे हसू लोटले, की ते काही केल्या आवरेना. अखेर त्याला हाताला धरून खोलीबाहेर न्यावे लागले.

पाच मिनिटांनी दार उघडले. परीक्षक बाहेर आले, आणि ‘डॉक्टर ॲसिमॉव्ह’ असे संबोधून त्यांनी त्याचे अभिनंदन केले.