बायबल सॉफ्टवेअरमध्ये शोध घेताना

काय करावे

- आधी प्रश्न कागदावर एका ओळीत लिहा, मगच सर्च बॉक्स उघडा.
- शोध कोणत्या मजकुरात चालला आहे ते पाहून घ्या; 1 योहान 5:7 मधले स्वर्गातले तीन साक्षीदार टेक्स्टस रिसेप्टस या जुन्या छापील ग्रीक मजकुरात भेटतील, नेस्ले-आलांडच्या आधुनिक ग्रीक मजकुरात नाहीत.
- मराठीत शोधताना शब्दाची सामान्यरूपेही टाका. 'पूर्ण शब्द' चालू ठेवून नुसते 'देव' शोधलेत तर 'देवाने', 'देवाला' सुटतात, आणि बंद केलेत तर 'देवदूत' गर्दी करतात.
- 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' असे शब्द दोन्ही तऱ्हांनी टाइप करून पाहा. पडद्यावर सारखाच दिसणारा हा अर्धा 'र' संगणकात दोन निराळ्या प्रकारे साठवलेला असतो.
- जुन्या छपाईवरून घेतलेला मजकूर असेल तर 'केलें', 'त्याचें' हेही शोधा.
- मराठी शब्दावरून मूळ शब्दाकडे जा आणि पुढचा शोध स्ट्रॉन्ग क्रमांकाने, म्हणजे स्ट्रॉन्गच्या कोशात त्या मूळ शब्दाला दिलेल्या क्रमांकाने करा. योहानाच्या शुभवर्तमानात मराठीत 'विश्वास' पानोपानी दिसतो, पण 'पिस्तिस' (4102) हे ग्रीक नाम तिथे एकदाही नाही. आहे ते 'पिस्तेउओ' (4100) हे क्रियापद, तब्बल 98 वेळा. 'विश्वास ठेवणे' म्हणताना आपण नाम वापरतो म्हणून हे मराठी शोधात कधीच उघडे पडत नाही.
- दोन शब्द एकत्र शोधताना मर्यादा वचनाची न ठेवता परिच्छेदाची ठेवा. इफिस 1:3-14 हे ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, आणि नव्या करारातले वचनांचे आकडे 1551 मध्ये आले.
- संदर्भ जुळत नसेल तर क्रमांकनाची पद्धत तपासा: आपले स्तोत्र 23 ग्रीक सेप्टुआजिंटमध्ये 22 आहे, आणि हिब्रू मलाखी तिसऱ्या अध्यायातच संपतो.
- सापडलेले प्रत्येक वचन उघडून मागचापुढचा परिच्छेद वाचा. कंटाळा येतो, तरी वाचा.
- शोध जतन करताना आवृत्ती आणि सेटिंगही लिहून ठेवा.

काय टाळावे

- निकालांची संख्या पुरावा म्हणून मांडू नका.
- फिलेमोनाची 25 वचने आणि लूकचे 24 अध्याय एकाच आलेखात कच्च्या आकड्यांनी तोलू नका. दर हजार शब्दांमागचे प्रमाण घ्या.
- शब्द सापडला नाही म्हणून विषयच नाही, असे धरू नका. लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात 'अगापे' (प्रेम) एकदाही येत नाही.
- 'अगापे म्हणजे फक्त दैवी प्रेम' हे सूत्र वापरू नका. सेप्टुआजिंटमध्ये अम्नोनाच्या तामारेवरच्या वासनेलाही तोच शब्द आहे (2 शमुवेल 13:15).
- स्ट्रॉन्गच्या कोशातील अर्थांच्या यादीतून आवडेल तो अर्थ उचलू नका. कोश 1890 चा आहे आणि त्यातल्या नोंदी त्रोटक आहेत.
- व्युत्पत्तीवरून उपदेश रचू नका: 'दुनामिस' (सामर्थ्य) या ग्रीक शब्दात डायनामाइट शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ते नाव 1867 चे आहे.
- ग्रीक क्रियापदाच्या व्याकरणाच्या खुणेवर क्लिक करून 'ऑरिस्ट काळ आहे, म्हणजे एकदाच आणि कायमचे' असे म्हणू नका; मंदिराच्या 46 वर्षांच्या बांधकामालाही योहान 2:20 मध्ये ऑरिस्टच आहे.
- एकाच शब्दाचे सगळे अर्थ एका वचनात कोंबू नका.
- शब्दांचे रंगीत ढग उपदेशाच्या पडद्यावर लावू नका. मागच्या बाकावरून ते वाचताही येत नाहीत.
- हिब्रू-ग्रीक येत नसेल तर 'मूळ भाषेत याचा खरा अर्थ असा' हे वाक्य व्यासपीठावरून बोलू नका. चार चांगले अनुवाद शेजारी शेजारी उघडा आणि ते जिथे वेगळे होतात तिथे टीकाग्रंथ पाहा.
- चॅटबॉटने दिलेला संदर्भ उघडून वाचल्याशिवाय टिपणात उतरवू नका.