जिन्याला लॅमिनेट लावण्याआधी

हॉलमधलं लॅमिनेट फ्लोअरिंग देखणं झालं, तेव्हा कंत्राटदार म्हणाला, "माल शिल्लक आहे, जिनाही उरकून टाकू." आमचा जिना साधा, आरसीसीचा, वर कोटा. हॉलमधलीच रीत त्याच्या माणसांनी जिन्यावर चालवली. कोट्यावर फोम, फोमवर पट्ट्या, कडेला अ‍ॅल्युमिनियमचं नोझिंग. पावसाळ्याच्या आतच पायऱ्या बोलायला लागल्या. पाय टाकला की कट्ट, उचलला की कट्ट.

हॉलमध्ये ती रीत बरोबरच आहे. तिथे लॅमिनेट चिकटवत नाहीत. पट्ट्या एकमेकींत अडकतात आणि अख्खी जमीन फोमवर तरंगती राहते. दमट हवेत पट्ट्या फुगतात, म्हणून भिंतीलगत ८-१० मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात. पायरीवर मात्र जेमतेम एक-दोन पट्ट्या मावतात आणि उतरताना सगळा भार पडतो तो पायरीच्या ओठावर. फोम दबतो, नोझिंगचे स्क्रू सैल होतात, एखाद्या दिवशी पट्टीच पायाखालून सरकते. जिन्यावर फोम नकोच. पट्टी पूर्ण पाठीला पीयू अ‍ॅडहेसिव्ह लावूनच बसली पाहिजे. त्यातही वर्षानुवर्षं पॉलिश केलेल्या कोट्याला ते धरत नाही. मशीन फिरवून तो आधी खरखरीत करावा लागतो. ही धूळ नको म्हणून बरेच जण हे काम टाळतात. तुम्ही समोर उभं राहून करून घ्या.

आवाजापेक्षा वाईट गोष्ट सासूबाईंच्या लक्षात आली. "वरून उतरताना पहिल्याच पायरीला गुडघ्यात हादरा बसतो गं," त्या म्हणायच्या. टेप लावली तेव्हा कळलं. ८ मिलिमीटरची पट्टी, खाली २ मिलिमीटर फोम, म्हणजे प्रत्येक पायरी एक सेंटिमीटर उचललेली. हॉलही तेवढाच उचललेला, त्यामुळे खालचं जमून गेलं; पण वरच्या मजल्यावर जुन्याच टाइल्स, त्यामुळे शेवटचा रायझर तेवढाच ठेंगणा. पाय मोजून पडत नाहीत, सवयीनं पडतात. एवढासा फरक अंधारात माणूस पाडायला पुरतो. उलट, हॉल तसाच ठेवून फक्त जिना केलात तर पहिली पायरी उंच होईल. राष्ट्रीय इमारत संहितेत घरच्या जिन्याच्या रायझरची कमाल उंची १९० मिलिमीटर आहे. जुन्या घरांत ती आधीच काठावर असते. तेव्हा मालाची ऑर्डर देण्याआधी खालचा आणि वरचा रायझर मोजा.

शेवटी एका जुन्या सुताराकडून सगळं उखडून पुन्हा बसवलं. वरच्या पॅसेजलाही लॅमिनेट घातलं तेव्हा उंची सारखी झाली, मात्र तिथली दारं खालून रंधावी लागली. नोझिंग या वेळी पट्टीच्या पातळीत बसणारं घेतलं. वरून चढणारं स्वस्त मिळतं, पण त्याची कड बोटांना लागते.

बाकी राहिला पोछा. बादलीत बुडवून निथळतं फडकं फिरवायची आपल्याकडची पद्धत लॅमिनेटला चालत नाही. सांध्यांतून पाणी आत गेलं की कडा फुगून वर येतात, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. घट्ट पिळलेलं फडकं, तेही रोज नको. कामाच्या बाईंना हे पटवता येणार नसेल, किंवा जिना बाहेरून ओल्या चपलांनी चढायचा असेल, तर माझं मत विचाराल तर कोट्याला पॉलिश करून घ्या आणि पायरीच्या कडेला खाचा मारून घ्या.